शेजारचा ब्रेक

गाडी शिकवणाऱ्या माणसाची जागा चालकाच्या शेजारची. तिथे त्याच्या पायाशी एक जास्तीचा ब्रेक बसवलेला असतो. शिकणारा चुकला, घाबरला, गोंधळला, की शिकवणारा तो ब्रेक दाबतो आणि गाडी थांबते. शिकणाऱ्याला वाटतं, आपणच थांबवली. पहिले काही दिवस तसं वाटू द्यावं लागतं, नाहीतर माणूस पुन्हा शिकायला येतच नाही.

ब्रेककाकांचा उजवा पाय सगळं आयुष्य त्या ब्रेकवर होता. ब्रेककाका हे नाव गल्लीतल्या मुलांनी ठेवलेलं. ती मुलं मोठी झाली, त्यांच्याकडेच गाडी शिकली, आणि नाव कायम झालं. त्या पायाला एक खोड जडली होती. घरी खुर्चीत बसून टीव्ही बघताना पडद्यावर कुणी रस्त्यात आडवं धावलं, तरी काकांचा पाय फरशीवर दाबला जायचा. सपातेचा फटकन आवाज व्हायचा आणि आतून बायको ओरडायची, "दाबा, जोरात दाबा! तुमच्यामुळेच वाचला बिचारा!"

बायको जाऊन बराच काळ लोटला होता. पाय अजून दाबला जायचा. सपातेचा आवाज व्हायचा, आणि मग घरात कुणीच काही बोलायचं नाही. काका टीव्हीचा आवाज थोडा वाढवायचे.

शिकवण्याची त्यांची एक पद्धत होती. शेवटच्या दिवशी ते बूट काढायचे, मागच्या सीटखाली सरकवायचे आणि शेजारच्या सीटवर चक्क मांडी घालून बसायचे, घरी सतरंजीवर बसावं तसे.

शिकणारा बावरून विचारायचा, "काका, पाय?"

"पाय आज रजेवर. तू चल."

बस, एवढंच. शेजारी माणूस आहे पण ब्रेकवर पाय नाही, हे एकदा कळलं की शिकणारा रस्त्याकडे निराळ्या नजरेने बघायला लागतो. काहींच्या तळहातांना घाम सुटायचा, काही गप्प व्हायचे. एक दांडगट पोरगा तर त्या दिवशी पहिल्यांदा सिग्नलला थांबला होता. काकांनी मांडी घातली म्हणजे शिकवणी संपली, आणि लोकांना लायसन्सपेक्षा त्या मांडीचं अप्रूप जास्त होतं.

मग नवा नियम आला. शिकवायच्या गाड्या नव्या धर्तीच्या हव्यात, स्वतःहून थांबणाऱ्या, स्वतःला सांभाळणाऱ्या. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने कर्ज काढून एक पांढरी गाडी आणली. हा मालक काकांच्याच हाताखाली शिकलेला, त्यामुळे त्यांना सर म्हणायचा.

"बघा सर. समोर काही आलं तर स्वतः थांबते. रस्त्यावर आखलेला पट्टा सोडून सरकली तर सरळ होते. चालक पेंगला तर शिट्टी मारते."

"चहा करते का?"

"पुढच्या मॉडेलमध्ये."

काका शेजारच्या सीटवर बसले आणि सवयीने पाय पुढे केला. पायाला नुसती चटई लागली.

"माझा ब्रेक रे?"

मालकाने कान खाजवला. "तो बसवला तर कंपनीची हमी जाते, सर. आणि नियमातही आता त्याची सक्ती नाही राहिली. गाडीच थांबते म्हटल्यावर..."

"मग मी काय करायचं?"

"तुम्ही बोलायचं. तुमचं बोलणं कुठल्या मॉडेलमध्ये येत नाही."

तो हे मनापासून म्हणाला होता. ते काकांना कळत होतं, म्हणून तर जास्त लागलं.

जुनी गाडी, दोन ब्रेकवाली, स्कूलच्या आवाराच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. रोज येताजाता काका तिच्या टपावरचा पाचोळा हाताने झाडायचे.

नव्या गाडीबद्दल खोटं बोलायचं कारण नाही. एकदा पुढची बस करकचून थांबली, तेव्हा काकांचा पाय चटईवर पोचायच्या आधी ही गाडी थांबलेली होती. काकांनी मनातल्या मनात तिला शाबासकी दिली, हुशार विद्यार्थ्याला द्यावी तशी. पण मांडी घालायचा दिवस मात्र गेला. ज्या गाडीत आपला ब्रेकच नाही तिथे पाय खाली ठेवले काय आणि वर घेतले काय.

त्याच सुमारास शिवणबाई शिकायला आल्या.

बाजाराच्या मागच्या बोळात त्यांचं कपडे शिवायचं दुकान होतं. एक मशीन, एक आरसा, एक पडदा. वय काकांच्याच आसपास. नवरा गेला तेव्हा मागे एक जुनी गाडी ठेवून गेला, आणि ती इमारतीच्या आवारात कापडाखाली झाकून पडली होती. ते आवरण बाईंनीच शिवलेलं, अगदी आरशांनासुद्धा वेगळे कान काढून.

"विकून का नाही टाकत?" पहिल्याच दिवशी मालकाने विचारलं.

"विकली असती हो. पण धाकटी बहीण टेकडीपलीकडच्या शुश्रूषागृहात आहे. अंथरुणाला खिळलीय. तिकडची बस बंद झाली. रिक्षावाले परत यायचं भाडंही मागतात." मग त्या काकांकडे वळल्या. "तुम्हाला काय म्हणू? काका म्हणवत नाही, मी तुमच्याच वयाची. सर म्हटलं तर शाळेत गेल्यासारखं वाटतं. मास्तर म्हणते."

"म्हणा. माझ्या आईला आवडलं असतं."

बाई शिकायला चांगल्या होत्या. नजर बारीक, हात हलका. गिअर टाकताना सुईत दोरा ओवावा तशी जीभ दातांत धरायच्या. सिग्नलला नीट थांबायच्या, वळणावर वेग कमी करायच्या. चुकल्या तर स्वतःलाच रागवायच्या, "अगं म्हशी, आरसा कोण बघणार, तुझा बाप?" काकांना कित्येक दिवसांनी हसू यायचं.

एका संध्याकाळी शिकवणीनंतर काकांनी त्यांना आपल्या गाडीतून घरी सोडलं. बाई शेजारी बसल्या आणि नव्या विद्यार्थ्याच्या उत्साहाने सगळं तपासू लागल्या. मान वाकडी करून, तिरकं होऊन त्यांनी आतल्या आरशात पाहिलं.

"मास्तर, तुमच्या आरशात रस्ता कुठाय? नुसती मागची सीट दिसतेय."

"असू दे."

"असू दे काय? मला रोज सांगता, बसल्याबरोबर आधी आरसा लावा."

"बाहेरचे दोन आहेत की," काका म्हणाले आणि गाडी सुरू केली.

परीक्षा जवळ आली. बाईंनी बहिणीला कळवून टाकलं होतं, की आता दर रविवारी येईन, तुझे केस विंचरून देईन, तिथल्या बायका ओढून विंचरतात म्हणून रडत होतीस ना.

आणि मग ती हातगाडी आली.

गोदामांच्या रस्त्यावर एका फाटकातून एक माणूस खोक्यांची हातगाडी ढकलत बाहेर आला. खोकी त्याच्या डोक्यापेक्षा उंच, त्याला समोरचं दिसत नव्हतं. काकांनी उजवा पाय सगळ्या ताकदीनिशी दाबला. टाच चटईवर आपटून झिणझिणली. गाडी करकचून थांबली, हातगाडीपासून हातभर अंतरावर. माणूस खोक्यांआडून डोकावला, काहीतरी पुटपुटला आणि निघून गेला.

काकांनी आधी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं, मग खाली. बाईंचा उजवा पाय ॲक्सिलरेटरवरच होता. दोन्ही हातांनी स्टिअरिंगचं चाक इतकं आवळून धरलं होतं, की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"बाई, गाडी कोणी थांबवली?"

"मी." त्या थांबल्या. "म्हणजे... थांबली ना?"

"तुमचा पाय बघा."

बाईंनी पाहिलं आणि झटकन पाय उचलला, चटका बसावा तसा.

काकांनी मनात जुळवून पाहिलं. आपण दाबली ती चटई. बाईंनी दाबलं ते चाक. हा माणूस वाचला तो या पांढऱ्या गाडीमुळे. एरवी सिग्नलला, वळणावर, विचार करायला वेळ असतो तेव्हा बाईंचा पाय बरोबर ब्रेकवर जायचा. अचानक काही आलं की जात नव्हता. आजवर किती वेळा असं झालं असेल? दुसरा ब्रेक असता तर आपल्या पायाला पहिल्याच आठवड्यात कळलं असतं. ही गाडी थांबते, पण कुणाच्या चुकीमुळे थांबावं लागलं ते सांगत नाही.

"पुढच्या आठवड्यात परीक्षा देऊ नका," ते म्हणाले.

"का?"

"पाय तयार नाही अजून."

"परीक्षा याच गाडीत आहे ना? आणि ही थांबते ना?"

"ही थांबते. तुमच्या घरची थांबणार नाही."

"मग काय नवी गाडी घेऊ? कुठून घेऊ?" बाईंचा आवाज चढला. "तिकडे ती रविवार मोजत बसलीय, आणि तुम्ही मला पुन्हा एबीसीडी गिरवायला लावताय!"

"बाई, मी फक्त..."

"तुम्ही फक्त बोलता, मास्तर. स्वतःच्या आरशात रस्ता दिसत नाही, आणि निघाले मला शिकवायला!"

त्या उतरल्या, आणि स्कूलपर्यंत उरलेली वाट चालत गेल्या. काका त्या सीटवर तसेच बसून राहिले. मग उठून चालकाच्या जागी आले आणि गाडी परत नेली. वाटेत गाडीने एकदा शिट्टी मारली. कशासाठी ते त्यांना कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात मालक हसतहसत आला. "सर, तुमच्या बाई पास! पहिल्या फटक्यात. परीक्षक म्हणाला, इतकी शांत बाई पाहिली नाही."

"चांगलं झालं," काका म्हणाले.

"तोंड का असं केलंत मग?"

काकांनी हातगाडीचं सांगितलं. मालकाने ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता, बिनडोकही नव्हता.

"सर, एक सांगू? रागावू नका. माणूस चुकणारच म्हणून तर हे नियम. तुम्ही गावातल्या प्रत्येक गाडीत शेजारी बसणार आहात का?"

"नाही रे. म्हणूनच तर."

"म्हणूनच तर काय?"

"मी नसणार, ही पांढरी गाडी नसणार. त्या गाडीत त्या एकट्या असणार. तेव्हा कोण असेल?"

मालक म्हणाला, "पण आता लायसन्स त्यांच्या हातात आहे, सर. आपण कोण?"

तेही खरं होतं. रविवारी काका दिवसभर घरी होते. संध्याकाळच्या बातम्यांत कुठल्या तरी अपघाताचं दृश्य आलं. त्यांचा पाय दाबला गेला, सपात वाजली, आणि त्यांनी टीव्ही बंद करून टाकला. घर इतकं शांत झालं, की स्वयंपाकघरातल्या नळाचा थेंब ऐकू यायला लागला. आज बाई टेकडीपलीकडे गेल्या असतील का? विचारायला त्यांचा फोन नंबरही काकांनी घेतलेला नव्हता. विद्यार्थ्यांचे नंबर मालकाकडे असायचे. आणि मालकाला तरी काय सांगणार, की चौकशी कशासाठी?

सोमवारी ते बोळातल्या दुकानात गेले.

बाई मशीनवर होत्या. वर बघून म्हणाल्या, "या. उसवलंय काय?"

"काही नाही. लायसन्सचं अभिनंदन करायला आलो."

"बसा. एवढा गळा पुरा करते."

काका स्टुलावर बसले. एका छोट्या फ्रॉकला गळा लावणं चाललं होतं. खाली बाईंचे पाय पायडलवर एका लयीत झुलत होते, सुई गळ्याच्या गोलाईवरून चालली होती. गळ्याच्या टोकाशी आल्यावर बाईंचा उजवा हात उठला आणि मशीनच्या चाकावर बसला. चाक थांबलं, सुई थांबली. पाय मात्र पायडलवर जिथल्या तिथे राहिले.

काका पुढे झुकले. "बाई, पुन्हा एकदा चालवा."

"काय?"

"चालवा, आणि थांबवा."

बाईंनी चालवलं. हात चाकावर गेला. चाक थांबलं. पाय हललेही नाहीत.

"किती वर्षं शिवताय?"

"परकर नेसत होते तेव्हापासून." आणि मग बाईंचं बोलणं मध्येच तुटलं. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. तो अजून चाकावर होता. "अगं बाई!"

"मला आधीच सुचायला हवं होतं," काका म्हणाले. "तुम्हाला थांबायचं म्हणजे चाक धरायचं. पायाला तुमच्याकडे थांबायचं काम कधी नव्हतंच."

बाई फ्रॉक बाजूला ठेवून म्हणाल्या, "काल काढली होती गाडी."

काका स्टुलावरून अर्धवट उठले.

"आवारातून बाहेर पडतच होते. शेजारणीचं पोर चेंडूमागे आलं. मी अशी..." त्यांनी दोन्ही मुठी आवळून दाखवल्या. "गाडी आचके देऊन बंद पडली म्हणून. पोर हसून पळालं. त्याला गंमत वाटली. मी परत आत लावली, कापड घातलं आणि वर येऊन बसले. बहिणीला सांगितलं, ताप आलाय." त्यांनी नाक पुसलं. "तुमच्याकडे यायचं होतं. पण कोणत्या तोंडाने येणार? इतकं बोलले होते तुम्हाला."

"आरशाचं खरंच होतं," काका म्हणाले. "ती मागे बसायची. बायको. पुढे बस म्हटलं तर म्हणायची, ती जागा ब्रेकवाल्याची, मी कुठे मास्तरीण? मग मी आरसा खाली वळवला, बोलताना तोंड दिसावं म्हणून. नंतर तो फिरवायचं राहूनच गेलं."

"राहून गेलं," बाई म्हणाल्या. त्यांनी तो विषय वाढवला नाही. उठून दोन कप चहा केला.

दुसऱ्या दिवशी काकांनी मालकाला विचारलं, आणि स्कूलच्या आवारातली दोन ब्रेकवाली जुनी गाडी पुन्हा सुरू झाली. रस्त्यावर नाही, फक्त मागच्या मोकळ्या जागेत. बॅटरी मालकानेच आपली लावून दिली.

"बाई, एक बाहुली शिवा," काका म्हणाले. "पोराएवढी."

बाईंनी कातरणांची बाहुली शिवली. फ्रॉक शिल्लक कापडाचा, वेण्या काळ्या लोकरीच्या, डोळे कोटाच्या बटणांचे. मालकाने तिचं नाव ठमी ठेवलं. ठमीच्या कमरेला दोरी बांधून तो टायरांच्या ढिगाआड बसायचा आणि मनात येईल तेव्हा तिला गाडीपुढून ओढायचा.

"सर, स्कूलचा मालक झालो, आणि काम काय, तर बाहुली ओढायची!"

"गप ओढ. आवाज केलास तर त्यांना कळेल."

पहिल्या फेरीत ठमी सरसरत आली. बाईंच्या मुठी चाकावर आवळल्या. काकांचा पाय ब्रेकवर होता, खऱ्या ब्रेकवर, आणि तो दाबायला उठलाही. काकांनी त्याला तिथेच धरून ठेवलं. सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा. गाडीखाली धप्प असा मऊ आवाज झाला, आणि मग त्यांनी ब्रेक दाबला.

बाई तोंडावर हात ठेवून बसल्या होत्या. चिंध्यांचीच होती, पण फ्रॉक त्यांनी शिवला होता.

"तुम्ही का नाही दाबलात? तुमचा पाय होता ना तिथे!"

"घरच्या गाडीत मी नसेन, बाई."

"दुष्ट आहात."

"हो," काका म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

संध्याकाळी बाई ठमीला पिशवीत घालून घरी घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी ठमी नव्या टाक्यांसकट हजर होती. ती पुन्हा चिरडली, पुन्हा शिवली गेली. दुकानात बाईंनी आणखी एक उपाय सुरू केला. मशीनच्या चाकाला हात लावायचाच नाही, पायानेच थांबायचं. पहिले कितीतरी गळे वाया गेले. "गिऱ्हाईकं विचारतात, बाई, हात थरथरतो का हल्ली? म्हटलं, हात नाही हो, पाय शाळेत जातोय!"

काका रोज विचारायचे, "आज मशीन कशाने थांबवलं?" बाई म्हणायच्या, "अजून हातानेच."

आणि मग एका सकाळी, बोलता बोलता, म्हणजे बाई बहिणीच्या केसांबद्दल काहीतरी सांगत असताना, मालकाने दोरी ओढली. वाक्य अर्ध्यावर तुटलं. गाडी थांबली. काकांनी खाली पाहिलं. बाईंचा पाय ब्रेकवर होता, टाचेपासून चवड्यापर्यंत घट्ट. हात चाकावर नुसते टेकलेले.

"मी दाबला?" बाईंनी विचारलं.

"माझा पाय हललासुद्धा नाही."

टायरांच्या ढिगाआडून मालक ओरडला, "ठमी जिवंत आहे, सर!"

त्यानंतर ठमी एकदाही गाडीखाली गेली नाही. तरी काकांनी घाई केली नाही. मालकाला कंटाळा येईपर्यंत तिला ओढायला लावलं.

मग बाईंनी आपल्या गाडीवरचं कापड काढलं, घडी करून मागे ठेवलं. काका शेजारी बसले. या गाडीत दुसरा ब्रेक नव्हताच. तरी त्यांनी बूट काढले, सीटखाली सरकवले आणि गुडघ्यांवर हात दाबत मांडी घातली. गुडघे कुरकुरले.

"मास्तर, हे काय?"

"पाय रजेवर. चला." मग हळूच म्हणाले, "घालता तर आली, आता सोडता आली म्हणजे मिळवली."

बाई हसल्या नाहीत. चेहरा गंभीर करून त्यांनी आरसा लावला, पट्टा लावला आणि निघाल्या. पूर्ण वाटभर एक शब्द बोलल्या नाहीत. काकाही बोलले नाहीत. सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. टेकडीच्या पायथ्यापासून दोघं परत फिरले.

रविवारी सकाळी काका बाईंच्या आवाराच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. बोलावलं कुणी नव्हतं. बाईंनी काच खाली केली. शेजारच्या सीटवर फळांची पिशवी होती, कंगवा होता. पट्टा नाही म्हणून ही गाडी काही शिट्टी मारणारी नव्हती, तरी त्यांनी पिशवीलाही पट्टा लावला होता.

"येता का?" त्यांनी विचारलं.

काकांना यायचं होतं. रविवार लांब असतो. टेकडीपलीकडे त्यांनीही बऱ्याच दिवसांत काही पाहिलं नव्हतं.

"नको," ते म्हणाले. "आज नको. मी असलो की तुमचा पाय आळशी होईल."

"माझा, का तुमचा?"

"दोघांचाही."

बाईंनी आतला आरसा बोटाने किंचित सारखा केला. "रस्ता दिसतोय, मास्तर," त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

काका फुटपाथवरून बघत राहिले. गाडी सरळ गेली. रस्त्याच्या टोकाशी एक माणूस फोनमध्ये मान घालून, इकडेतिकडे न बघता रस्त्यावर उतरला. गाडीचे मागचे लाल दिवे लागले. गाडी थांबली. माणसाने मान वर केली, हात केला आणि पलीकडे गेला.

तेव्हा कुठे काकांच्या लक्षात आलं, की आपला उजवा पाय फुटपाथवर दाबलेला आहे. पण दिवे आधी लागले होते. त्यांनी ते नीट पाहिलं होतं.

दिवे विझले, गाडी वळली आणि दिसेनाशी झाली. रस्ता रिकामा झाला. एका इमारतीत कुणीतरी खिडकी उघडली, पुन्हा लावली.

काका आपल्या गाडीत येऊन बसले. किल्ली लावली, पण फिरवली नाही. आरशात मागची सीट होती, स्वच्छ, कुणी न बसलेली. त्यांनी हात वर नेला आणि आरसा हळूहळू वर वळवला. सीट खाली सरकली, मागची काच आली, काचेतून रस्ता आला, रस्त्यावर एक सायकलवाला येत होता. अजून थोडं वळवलं असतं तर सीट पूर्ण गेली असती. नियमाने तसंच लावायचं असतं. काकांनी एक कोपरा राहू दिला, तिचा हात टेकलेला असायचा तेवढा. सायकलवाला शेजारून पुढे जाईपर्यंत ते थांबले, आणि मग त्यांनी गाडी रस्त्यावर घेतली.